कडक सोवळं

माझा थोरला भाऊ माळव्यात, धारला, गणपतीच्या एका लहान देवळात पूजा करायचा. तो काही त्याचा धंदा नव्हता. नोकरी तहसिलीतली, कारकून म्हणून लागला आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाला. पण त्या देवळाची पूजा संस्थानाच्या वेळेपासून आमच्या घराकडे आहे. आजोबांनंतर वडिलांनी केली, वडिलांनंतर दादाने. गल्लीत त्याचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी. दादाचं सोवळं फार कडक.

म्हणजे कसं, ते सांगते. पहाटे आंघोळ करायची, आदल्या दिवशी स्वतःच धुऊन उंच काठीवर वाळत घातलेला मुकटा नेसायचा आणि पूजा उरकेपर्यंत कुणाला शिवायचं नाही. इतकं तर आमच्या वडिलांचंही होतं. दादाचं त्याच्या पुढचं. अभिषेक अर्ध्यावर आला की तो मध्येच उठायचा, कुणाकडे न बघता मागच्या दाराने घरी यायचा, न्हाणीघरात पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायचा आणि दुसरा मुकटा नेसून परत गाभाऱ्यात जाऊन बसायचा. एकेका सकाळी दोनदा, तीनदा. दर्शनाला आलेली माणसं तोवर ताटकळत उभी असायची. कुणी म्हणे, कुणाचा तरी पदर लागला असेल. कुणी म्हणे, मनात वावगा विचार आला तरी हे उठतात. समोरचा किराणावाला एकदा मला हात जोडून म्हणाला, "दीदी, भिया जैसा नेम पूरे धार में किसी का नी है."

मी चिडायचे. देवासला कॉलेजात मी सगळा जन्म सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दाखवण्यात डोळे गेले माझे. मला या शिवाशिवीचं कौतुक कुठून असणार? दिवाळीला माहेरी गेले की आमची खडाजंगी ठरलेली. मी म्हणायचे, "दादा, तिसऱ्या आंघोळीनंतरही तुझ्या हातावर जंतू आहेतच." तो म्हणायचा, "असू देत. ते घरचे आहेत." वहिनी आतून हसायच्या आणि ताट वाढल्याची हाक द्यायच्या.

त्या आंघोळींचं खरं कारण आम्हाला कळलं तेव्हा दादा सत्तरीच्या पुढे गेला होता.

गणपतीचे दिवस नुकतेच संपले होते. देवळाच्या पायऱ्या उतरताना दादाला चक्कर आली आणि तो पडला. माझा भाचा, म्हणजे दादाचा एकुलता एक मुलगा, पीथमपूरच्या कारखान्यात आहे. तो धावत आला आणि त्याला धारच्याच एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्त तपासलं तर अंगात रक्त म्हणण्यासारखं उरलेलंच नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, कुठून जातंय का? दादा गप्प. शौचाचं कसं आहे? दादा गप्प. डॉक्टर शहाणे होते. त्यांनी मुलाला आणि बायकोला बाहेर पाठवलं, दार लावलं, आणि मग दादा बोलला. आंव पडते. रक्तही पडतं. कधीपासून? कुक्षीला बदली झाली होती, तेव्हापासून.

कुक्षीची बदली भाच्याच्या जन्माच्या आधीची.

वहिनींचा मला फोन आला. आमच्याकडे अजून जुनी रीत आहे, वहिनी मला वन्संच म्हणतात. म्हणाल्या, "वन्सं, इतकी वर्षं मी ह्यांच्या शेजारी निजते. मला ठाऊक नाही." फोन ठेवला नाही त्यांनी. मी देवासच्या माझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या ऐकत तशीच उभी राहिले.

मग एकेक उलगडत गेलं. दादा मध्येच उठायचा तो कुणाचा पदर लागला म्हणून नव्हे. पोटात कळ यायची आणि धावावं लागायचं. कधी पोचायच्या आत मुकट्याला लागायचं. आंघोळ त्यासाठी, दुसरा मुकटा त्यासाठी. सोवळ्यातल्या वस्त्राला घरात कुणी हात लावायचा नाही हा तर नियमच, म्हणून तो ते स्वतः धुवायचा, स्वतः पिळायचा, स्वतः काठीवर टाकायचा. घरात दोन बायका वावरत असताना, आधी आई आणि वहिनी, नंतर वहिनी आणि सुट्टीतली मी, एकीनेही कधी रक्ताचा डाग पाहिला नाही. ताकास तूर लागू दिली नाही त्याने. आजार लपवायला याहून चांगली जागा कुणाला शोधून सापडली नसती. आणि गल्लीभरची माणसं त्या रक्ताला भक्ती समजून हात जोडत होती. मला इतका संताप आला की दोन दिवस मी घरात भांडी आपटत होते.

कुक्षीत त्याला आधी पाण्याचा दोष सांगितला होता. गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, पुन्हा सुरू झालं. मग मूळव्याध म्हणून कुणी लेप दिला. पुढे एकदा इंदूरला नोकरीच्या कामाने गेला असताना गुपचूप एका मोठ्या डॉक्टरांना दाखवून आला होता. त्यांनी दुर्बीण घालून सांगितलं होतं की मोठ्या आतड्याला जुनाट दाह आहे, गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील, आणि अधूनमधून आतून तपासून घ्यावं लागेल. गोळ्यांनी आराम पडला. आराम पडल्यावर त्याने गोळ्या सोडल्या. तपासायला पुन्हा गेलाच नाही. हे सगळं तो मला सांगत होता ते इंदूरच्या वाटेवर गाडीत, खिडकीबाहेर बघत. बोलताना आवाज असा, की दुसऱ्याच कुणाची हकिकत आहे.

इंदूरला तपासणीच्या आदल्या दिवशी पोट धुऊन काढायचं औषध त्याने नेमाने घेतलं. रात्रभर जाऊन जाऊन थकला. सकाळी माणसाने पाणीसुद्धा विचारून प्यावं अशी ताकीद होती. टेबलावर घेतलं, दुर्बीण आत गेली आणि थोड्या वेळाने डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले. तरुण मुलगा, बोली उज्जैनकडची. मला म्हणाला, "माताजी, इनके पेट में ये बारीक-बारीक दाने क्या हैं? कुछ दिखता ही नी."

मी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "काही खाल्लं नाही हो त्यांनी. कालपासून अन्नाचा कण नाही."

"मग दाणे कसले?" मी विचारलं.

"ती खिरापत. प्रसाद होता."

खोबरं, खारीक, खडीसाखर आणि खसखस. आदल्या संध्याकाळी देवळातून निघताना दादाने ती घेतली होती आणि त्या दिवशी सकाळी धर्मशाळेतल्या खोलीवर देवाचा फोटो मांडून पुन्हा. दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही की हे खाणं झालं. प्रसादाला खाणं म्हणायची आमच्या घरात रीतच नाही. डॉक्टरने कपाळाला हात लावून नमस्कार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "परसों फिर से. और परसों तक भगवान को भी बोल देना, कुछ ना दे." मला त्या तसल्या वेळीही हसू आलं. वहिनींना आलं नाही. त्या एवढ्याशा होऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला सगळं स्वच्छ दिसलं. आतडं टोकापासून टोकापर्यंत सुजलेलं, सालपटलेलं, आणि डावीकडे एक गाठ. आणखी दोन ठिकाणी अस्तराचा रंग चांगला नव्हता. तुकडे तपासायला गेले आणि काय यायचं ते आलं. कॅन्सर. नुसती गाठ काढून भागणार नव्हतं. बाकीच्या आतड्याचा भरवसा उरला नव्हता, ते सगळंच काढायचं आणि लहान आतड्याचं टोक पोटावर आणून बसवायचं. वर पिशवी लावायची. ती कायमची.

कॉरिडॉरच्या बाकावर वहिनींनी मला विचारलं, "दारू नाही, तंबाखू नाही, चातुर्मासात कांदा-लसूण नाही. मग ह्यांनाच का?"

मी वर्गात सांगायचे तेच त्यांना जरा सोपं करून सांगितलं. मोठ्या आतड्यात जिवाणूंची वस्ती असते आणि ती असावीच लागते. आपल्याला न पचलेला कोंडा, सालं ते खातात आणि त्यातून जे तयार करतात त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं. अस्तरावर एक बुळबुळीत थर असतो. जिवाणू थराच्या पलीकडे, आपण अलीकडे. हा तह टिकतो तोवर सगळं ठीक. दादाच्या पोटात तो मोडला. कशाने मोडला ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. काही अंगचं असतं, काही बाहेरचं. पण थर विरला की जिवाणू अस्तराला भिडतात, शरीर त्यांना शत्रू समजून उठतं, आणि त्या भांडणात होरपळतं ते आपलंच अस्तर. दाह म्हणतात तो हा. अस्तर झडतं, नवं येतं, ते पुन्हा झडतं. खपली धरावी आणि कुणीतरी रोज ती काढावी, तसं. वर्षानुवर्षं पेशी अशा घाईने बनत राहिल्या की एखादी कधीतरी चुकीची बनते. शिवाय दाहाने वस्तीही बिघडते. गुणी जिवाणू कमी होतात, दांडगे माजतात. त्यांतले काही असं विष सोडतात की पेशीच्या आतल्या जनुकांनाच इजा होते. एरवी तोंडात राहणारा एक जिवाणू तर आतड्याच्या गाठींत ठाण मांडलेला सापडतो. तो गाठ वाढवतो की गाठ झाल्यावर तिथे येऊन बसतो, यावर जाणत्यांचं अजून पुरतं एकमत नाही.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "मग माझं ताक?"

"ताकाचं काय?"

"रोज दुपारी मी त्यांना ताक देत होते. मागून घ्यायचे. म्हणायचे, पोटाला थंड वाटतं. त्यातही जंतूच असतात ना? मीच घातले का ते?"

एवढं सगळं शिकवून मी त्या बाईच्या डोक्यावर काय ठेवलं होतं. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "नाही हो वहिनी. ताकातले गरीब बिचारे भले असतात. ताकाने हे झालं नाही. ताकाने थांबलंही नसतं. त्याने ताक मागितलं तेव्हा पोट का जळतंय ते सांगितलं असतं, तर थांबलं असतं कदाचित." शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं, पण बोलून गेले. माझी जीभ अशीच आहे.

दादा ऑपरेशनला नाही म्हणाला. डॉक्टरांपुढे नाही, त्यांना त्याने मान डोलावून दाखवली. धारला परत गेला, रक्त चढवून जरा तरतरी आली होती, आणि पूजा पुन्हा सुरू केली. तारीख टळली. दुसरी तारीख मिळाली, तीही टळली. भाच्याचा फोन आला. त्याचं शिक्षण सगळं हिंदीतलं, मराठी बोलतो ती अशी: "आत्या, बाबा मानतच नाही आहेत. मी तर हात जोडून पाहिले. तुम्ही या ना, तुमचं ते ऐकतील."

माझं तो कधीच ऐकत नाही. तरी मी गेले.

दुपारी दादा अंगणात दूर्वा निवडत बसला होता. किती वाळला होता. मी समोर पाट ओढून बसले आणि विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले ते कळलं ना तुला?"

"कळलं. मी बहिरा नाही."

"मग?"

"मग काही नाही. पूजा चालू आहे माझी."

मी म्हटलं, पिशवी बंद असते, वास येत नाही, कपड्याखाली दिसतही नाही, लोक नोकऱ्या करतात, लग्नात नाचतात. तो दूर्वांच्या जुड्या बांधत राहिला. शेवटी म्हणाला, "पोटावर घाण बांधून मी गाभाऱ्यात कसा बसू, ते सांग."

मी याचीच वाट पाहत होते. "दादा, त्या पिशवीत जे येणार ना, ते आजवर तुझ्या पोटातच होतं. जिवाणूंचं अख्खं गाव पोटात घेऊन तू रोज गणपतीपुढे बसलास. वडीलही बसले, आजोबाही बसले. तू म्हणतोस तसा सोवळ्यातला माणूस अजून जन्मलाच नाही."

त्याने हातातली जुडी खाली ठेवली. मला वाटलं, जिंकले. मग म्हणाला, "तेव्हा ते आत होतं."

"आणि मुकट्याला रक्त लागायचं ते?"

"ते लागलं की मी उठलो. एकदा नाही असं झालं की लागलं आणि मी बसून राहिलो. कळ आली की उठलो, आंघोळ केली, मग देवाला हात लावला. आता उठून कुठे जाऊ? पिशवी काढून खुंटीला टांगू?"

इतकी वर्षं मी त्याच्याशी भांडले, पण त्याने आपला नियम किती सरळ पाळला होता हे माझ्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. त्याच्या पद्धतीने तो चोख होता. त्याने लपवलं ते आम्हा सगळ्यांपासून. देवापासून त्याने काही लपवलं नव्हतं.

"तहसिलीत कालचा आलेला साहेबसुद्धा मला 'ए बाबू' म्हणायचा," तो म्हणाला. "त्या चार हाताच्या खोलीत मी कुणीतरी होतो. ती गेली की मग काय उरतं माझं? तुझं बरं आहे. तुला दोन अक्षरं येतात."

मी उठून आत गेले आणि मोरीत तोंड धुतलं. मला रडू येत होतं आणि त्याच्या देखत रडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. दादाने आंघोळ केली, मुकटा नेसला, हातात पाण्याचा तांब्या घेतला आणि मागच्या दाराशी आला. देवळाकडे त्याच दाराने जायचं. दारात वहिनी उभ्या होत्या.

"बाजूला हो," दादा म्हणाला.

वहिनींनी हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं.

आमच्या घरात हे कधी कुणी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून त्या वेळेला वहिनी त्याच्यापासून चार पावलं लांब असायच्या. लांबून फुलं ठेवायच्या, लांबून नैवेद्य सरकवायच्या. दादाने तांब्या खाली ठेवला, हात सोडवला आणि न्हाणीघरात गेला. पुन्हा पाणी घेतलं. दुसरा मुकटा नेसून आला. वहिनी तिथेच होत्या. त्यांनी पुन्हा मनगट धरलं. या खेपेला दादा ओरडला, काय ओरडला ते मी लिहीत नाही. वहिनींनी मान खाली घातली, पण हात सोडला नाही. तो हिसडून परत गेला. थंडी पडायला लागली होती, पाणी गार होतं, आणि माणसाच्या अंगात रक्त नव्हतं. मी पुढे व्हायला निघाले तर भाच्याने मला मागे धरलं. तो माझ्या मागे कधी येऊन उभा राहिला होता मला कळलंच नाही.

काठीवर वाळलेला मुकटा आता उरला नव्हता. दादा ओल्या पंच्यात कुडकुडत बाहेर आला आणि दारातल्या वहिनींना म्हणाला, "काय हवंय तुला?"

"इंदूर," वहिनी म्हणाल्या.

"आणि देवाचं?"

"देवाला आज उशीर होईल. मुलगा करेल."

"त्याला येतंय का काही?"

"नाही येत. तरी करेल."

दादा धुण्याच्या दगडावर बसला. वहिनी त्याच्याजवळ गेल्या आणि पदराने त्याचं डोकं पुसायला लागल्या, लहान मुलाचं पुसतात तसं. तो पुसू देत होता. त्या दिवशी पूजा भाच्याने केली, मोबाईल समोर ठेवून, त्यातल्या मंत्रांमागोमाग अडखळत. त्याच्या तोंडी 'गणपती'चा 'गनपती' होतो. दादा घरात बसून ते ऐकत होता आणि दर चुकीला डोळे मिटत होता.

ऑपरेशन झालं. गाठ अस्तराच्या बाहेर जवळच्या अवधाणांपर्यंत, म्हणजे लसिका ग्रंथींपर्यंत, गेली होती, यकृतापर्यंत गेली नव्हती. म्हणून मागाहून औषधाच्या बाटल्याही चढवाव्या लागल्या, त्यात केस गेले नाहीत, पण हातापायांची संवेदना गेली आणि तोंडाची चव गेली. अजूनही दर तपासणीच्या आधी आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. बरा झाला असं डॉक्टर म्हणत नाहीत. आत्ता ठीक आहे, म्हणतात.

पोटावर उजवीकडे आतड्याचं लाल, ओलं टोक. पहिल्या दिवशी नर्सने पिशवी बदलताना दादाने भिंतीकडे तोंड केलं. पुढे शिकला. शिकल्यावर कुणाला हात लावू देईना. मुकटे धुवायचा तसाच एकटा, दार लावून, सगळं स्वतः करायचा. पण एक गोष्ट त्याच्या हातात नव्हती. त्या टोकाला अडवायला काहीच नसतं. केव्हाही वारा सरतो आणि आवाज होतो. जेवताना होतो, कुणी भेटायला आलं असताना होतो. तो आवाज झाला की दादा उठून आतल्या खोलीत जायचा. लोक समजायचे, थकले असतील.

देवळाकडे तो फिरकला नाही. गल्लीतली माणसं येऊन सांगून गेली की काका, तुम्ही या, आमचं काही म्हणणं नाही. किराणावाला म्हणाला, "भिया, तुम आके बैठो तो सही." दादा म्हणायचा, बघू. मागचं दार त्याने लावून घेतलं होतं. मला इतका राग यायचा, त्याचा, त्या दाराचा, आमच्या वाडवडिलांचा. ज्या माणसाला आम्ही मरणाच्या तोंडातून ओढून आणला तो घरातल्या घरात हळूहळू मरत होता, आणि मूग गिळून बसण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

या वर्षी माघात, गणेशजयंतीला, मी गेले होते. वहिनींनी काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. त्यांनी मलाही सांगितलेलं नाही. सकाळी दादा सदरा-धोतर घालून त्यांच्यामागून मागच्या दाराने निघाला. गाभाऱ्यात गेला नाही. बाहेर सतरंजीवर, खांबाला टेकून, अगदी कडेला बसला. वहिनी त्याच्या शेजारी, मी वहिनींच्या शेजारी. वीस-पंचवीस माणसं असतील. आत भाचा, दादाचाच मुकटा नेसून. एवढ्या महिन्यांत त्याला बरंच यायला लागलं होतं.

अभिषेक चालला होता. पाण्याची धार आणि भाच्याचे मंत्र, बाकी शांत. आणि दादाच्या पोटातून आवाज झाला. चांगला मोठा, सगळ्यांना ऐकू जाईलसा. पुढे बसलेली एक लहान मुलगी वळून बघायला लागली, तिच्या आईने तिचं तोंड पुढे केलं. दादाने दोन्ही हात पोटावर दाबले. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. आत भाच्याने घंटा वाजवली.

घंटेची ती जागा नव्हती. मला वाटलं, चुकला. पुन्हा आवाज झाला, आणि पुन्हा घंटा वाजली, आधीपेक्षा जोरात. भाच्याची पाठ आमच्याकडे होती, त्याने वळून पाहिलं नव्हतं, मंत्रही थांबवला नव्हता. तेव्हा मला कळलं, तो बापाचा आवाज घंटेखाली झाकतोय.

दादालाही कळलं. त्याने एक हात जमिनीवर टेकला, उठायला टेकतात तसा. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं नाही, धरलंही नाही. तिसऱ्यांदा आवाज झाला, तिसऱ्यांदा घंटा.

"घंटा ठेव," दादा म्हणाला.

भाचा थांबला. न वळता म्हणाला, "बाबा, मी तर बस..."

"खाली ठेव ती. ऐकू दे देवाला."

भाच्याने घंटा तबकात ठेवली आणि राहिलेला अभिषेक सुरू केला. दादाने जमिनीवरचा हात उचलून मांडीवर घेतला. मध्ये पुन्हा एकदा आवाज झाला. तो उठला नाही.